घरी जोडलेला पीसी सुरूच होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला, इंजिनिअरिंगचे प्रवेश झाले की पुण्यात पीसी जोडण्याचा हंगाम सुरू होतो. सुटे भाग कधी टिळक रोडवरून येतात, कधी कुणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन आणतं, बरेचसे कुरिअरने येतात. शनिवारी रात्री जोडाजोडी होते, बटण दाबलं जातं, काहीच होत नाही, आणि रविवारी सकाळी माझ्या फोनवर अंधारातले व्हिडिओ यायला लागतात. सोबत एकच वाक्य असतं: "मदरबोर्ड गेला वाटतं." मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी, क्वचितच गेलेला असतो. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत.

१. पीसी सुरू होत नाही. काय झालं असेल?

"सुरू होत नाही" या तीन शब्दांत चार वेगवेगळी दुखणी आहेत. आपलं कुठलं ते आधी ठरवा. बटण दाबून काहीच घडत नसेल तर प्रश्न २ पाहा. पंखे क्षणभर फिरून थांबत असतील तर प्रश्न ६. पंखे, दिवे सगळं चालू पण स्क्रीन काळा असेल तर प्रश्न ८. कंपनीचं चिन्ह दिसतं, बायोस (विंडोजच्या आधी चालणारं, बोर्डातलं सॉफ्टवेअर) उघडतं, पण विंडोज येत नसेल तर प्रश्न १४. आणि तसं असेल तर निम्मं काम झालंय, निवांत चहा घ्या.

एक पथ्य चारही दुखण्यांना लागू आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा बटण दाबा. घाबरून रॅम, केबल, सेल असं सगळं एकदम हलवलं आणि पीसी चालू झाला, तर दोष कशात होता ते कळत नाही. पंधरा दिवसांनी तो पुन्हा बंद पडतो, तेव्हा पहिल्यापासून सुरुवात.

२. बटण दाबलं तरी एक दिवासुद्धा लागत नाही. कुठून बघायला सुरुवात करू?

भिंतीपासून. त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा. मग एक्स्टेंशन बोर्ड पूर्ण बाजूला ठेवून केबल थेट भिंतीत लावा. एसएमपीएसच्या (भिंतीची वीज पीसीला पुरवणाऱ्या डब्याच्या) मागे छोटा खटका असतो, तो रेघेच्या बाजूला दाबलेला हवा, गोलाच्या नाही. हसू नका, या खटक्यापायी लोक पीसी रिक्षात घालून दुकानात घेऊन गेले आहेत. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असं लिहिलेलं लाल बटणही असतं. आपल्याकडे ते २३० वरच हवं. ११५ वर ठेवून चालू केलं तर आतून आवाज येतो आणि काम संपतं.

हे सगळं ठीक असेल तर कॅबिनेट उघडा. मदरबोर्डला जाणारी २४ पिनची रुंद केबल बहुतेक वेळा अर्धीच बसलेली असते. ती चांगला जोर लावून, कडी 'टक्' वाजेपर्यंत दाबावी लागते. नव्याने जोडणाऱ्याला बोर्ड मोडेल अशी भीती वाटते, म्हणून तो अलीकडेच थांबतो. बऱ्याच बोर्डांवर वीज पोहोचली की पीसी बंद असतानाही एक छोटा दिवा लागतो. तो लागत असेल तर संशय बटणाच्या वायरींवर घ्या, म्हणजे प्रश्न ३. लागत नसेल तर प्रश्न ४.

३. कॅबिनेटच्या बटणाच्या बारीक वायरी कुठे लावायच्या? उलट्या लागल्या तर काही जळेल का?

जळणार काही नाही. पॉवर आणि रीसेट ही दोन्ही साधी बटणं आहेत, त्यांना उलटसुलट नसतं. दिव्यांच्या वायरींना मात्र असतं. उलट्या लावल्या तर दिवा लागत नाही, एवढंच. जागा मदरबोर्डच्या पुस्तिकेतल्या आकृतीत बघा, कारण बोर्डावरची अक्षरं मुंगीएवढी असतात.

बटणच खराब आहे का हे बघायला त्या वायरी काढा आणि बोर्डावरच्या पॉवर बटणाच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. बटण दाबल्यावर होतं तेच यात होतं. पीसी चालू झाला तर दोष कॅबिनेटच्या बटणात आहे. तात्पुरतं रीसेटच्या बटणाची वायर पॉवरच्या जागी लावून काम चालवता येतं. आमच्या ओळखीतला एक मुलगा तीन वर्षं तसंच चालवतोय.

४. एसएमपीएस गेलाय का, हे घरच्या घरी कसं कळेल?

खटका बंद करा, भिंतीची केबल काढा, एसएमपीएसच्या सगळ्या केबल सगळ्या भागांपासून सोडवा. २४ पिनच्या टोकात हिरवी वायर एकच असते, तिच्या शेजारी काळी. कागदाची पिन वाकवून या दोघींना जोडा आणि मगच वीज चालू करा. एसएमपीएसचा पंखा फिरला म्हणजे तो निदान जिवंत आहे. हल्ली सगळ्याच वायरी काळ्या येतात. तेव्हा १६ आणि १७ क्रमांकाच्या जागा आकृतीत बघून घ्या, अंदाजाने पिन खुपसू नका.

यात दोन खाचखळगे आहेत. काही चांगल्या एसएमपीएसचा पंखा भार नसेल तर फिरतच नाही, त्यामुळे पंखा थांबलेला म्हणजे मेला असं नव्हे. आणि पंखा फिरला म्हणजे तब्येत ठणठणीत असंही नव्हे. मल्टीमीटर असेल तर पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६ व्होल्ट आणि लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. तरीही भार आल्यावर मान टाकणारे एसएमपीएस असतात. खरी परीक्षा मित्राचा चालू एसएमपीएस आणून लावणं हीच. आणताना तो त्याच्या सगळ्या केबलींसकट आणा. सुट्या होणाऱ्या केबलींचं एसएमपीएसकडचं टोक प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही. टोक दिसायला बसतं आणि हार्ड डिस्क जळते.

५. एसएमपीएस उघडून आत काही जळलंय का बघू?

नको. केबल काढल्यावरही आतले कपॅसिटर काही काळ धोकादायक दाबाची वीज धरून ठेवतात. आत जळलेली पाल सापडल्याच्या हकिकती मीही ऐकल्या आहेत, एक पाहिली आहे. पण ती पाल दुकानदाराला सापडू दे.

६. बटण दाबलं की पंखे एक क्षण फिरतात आणि बंद पडतात. कधी कधी आपोआप पुन्हा तेच. हे काय आहे?

बोर्ड किंवा एसएमपीएस स्वतःला वाचवतोय. कुठेतरी शॉर्ट आहे, किंवा प्रोसेसरला हवी ती वीज मिळत नाहीये, किंवा प्रोसेसर तापतोय.

सगळ्यात आधी प्रोसेसरची वेगळी केबल बघा. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या मागे लपलेली ८ पिनची जागा असते. २४ पिनची लावली म्हणजे झालं असं समजून ती राहून जाते. दुसरी चूक अशी की ग्राफिक्स कार्डाची ८ पिनची केबल तिथे बसवायचा प्रयत्न होतो. दोन्ही दिसायला बहिणी आहेत पण वायरींची मांडणी वेगळी. ४ अधिक ४ अशी तुटते ती प्रोसेसरची, ६ अधिक २ अशी तुटते ती ग्राफिक्स कार्डाची.

मग शॉर्ट शोधा. कॅबिनेटच्या पत्र्यावर बोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर बसतो, त्या बोर्डाच्या भोकांखालीच हव्यात. लहान आकाराचा बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये बसवताना आधीपासून लावलेली एखादी जादा खुंटी तशीच राहते आणि बोर्डाला मागून टेकते. घरंगळलेला स्क्रू हा दुसरा आरोपी. कॅबिनेट हळूच हलवून खुळखुळ ऐका. मागच्या पोर्टांच्या पत्र्याची एखादी जीभ यूएसबीच्या किंवा नेटच्या खाचेत शिरलीय का तेही बघा.

पीसी दहा-पंधरा सेकंद किंवा मिनिटभर चालून बंद पडत असेल तर कूलर. त्याच्या तळाची पारदर्शक प्लास्टिकची फिल्म काढली होती का? इतकं साधं असेल असं कुणालाच वाटत नाही, आणि तेच असतं. चारही बाजू सारख्या दाबाने बसल्यात का, पंख्याची वायर प्रोसेसरच्या पंख्यासाठी असलेल्या जागीच आहे का, हेही पाहा. एवढं करूनही भागलं नाही तर बोर्ड बाहेर काढा, प्रश्न ७.

७. "टेबलावर काढून चालवा" म्हणजे नेमकं काय करायचं?

मदरबोर्ड कॅबिनेटमधून काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा. ज्या चकचकीत पिशवीतून बोर्ड येतो तिच्यावर ठेवू नका, तिच्या पृष्ठभागातून थोडी वीज वाहू शकते. बोर्डावर फक्त प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एकच पट्टी. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स (चित्र दाखवायची सोय) नसेल तरच ग्राफिक्स कार्ड. डिस्क नाही, यूएसबी नाही, रंगीत दिव्यांच्या पट्ट्या तर नाहीच. दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हर टेकवून चालू करा.

इथे चालला तर दोष कॅबिनेटमध्ये किंवा काढून ठेवलेल्या भागांत आहे. एकेक भाग परत लावत जा. इथेही चालला नाही तर उरलेल्या चार-पाच वस्तूंपैकीच कुणीतरी दोषी आहे. या कामाला तासभर लागतो, आणि लोक तोच टाळतात. मी मात्र कुणाचाही फोन आला की दुसऱ्याच वाक्याला हे सांगतो.

८. पंखे फिरतात, दिवे झगमगतात, पण स्क्रीनवर काहीच नाही. मॉनिटर तर चालू आहे.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. ग्राफिक्स कार्ड बसवलं असेल तर मॉनिटरची केबल कार्डाला लावायची, मदरबोर्डच्या पोर्टाला नाही. उलट, कार्ड नसेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे ना ते बघा. इंटेलच्या ज्या क्रमांकाशेवटी एफ असतं, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, त्यात ते नसतं. रायझन ५ ५६०० मध्ये नाही, ५६००जी मध्ये आहे. बोर्डावर एचडीएमआयचं तोंड दिसतं म्हणून चित्र येईलच असं नाही. तोंड बोर्डाचं, बोलणारा प्रोसेसर.

कार्डाला वेगळी वीज लागत असेल तर ती केबल लावलीय का, कार्ड खाचेत कडी बसेपर्यंत शिरलंय का, मॉनिटरवर योग्य पोर्ट निवडलाय का, हे बघा. मग बोर्डाच्या कडेला बारीक अक्षरांत सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्क) असं लिहिलेले चार दिवे असतात का पाहा. सुरू होताना ते एकामागून एक लागून विझतात. जो लागून राहतो त्याच्यापाशी गाडी अडली आहे. डीरॅमवर अडली तर प्रश्न ९ आणि १०, सीपीयूवर अडली तर प्रश्न १२ आणि १३. दिवे नसतील तर बोर्डावर लावायचा छोटा स्पीकर मिळतो. त्याच्या बीपचा अर्थ बायोसप्रमाणे बदलतो, म्हणून आपल्या बोर्डाची पुस्तिकाच बघा, कुणाच्या आठवणीवर जाऊ नका.

दोन अपवाद. कार्ड उभं बसवायला लवचिक केबल वापरली असेल आणि ती जुन्या पिढीची असेल, तर नव्या वेगाला ती टिकत नाही आणि स्क्रीन काळा राहतो. कार्ड थेट बोर्डात लावून चालू करा आणि बायोसमध्ये त्या खाचेचा वेग एक पिढी खाली आणा. दुसरा अपवाद म्हणजे दादाच्या पीसीतलं दहा-बारा वर्षांपूर्वीचं कार्ड. त्यात यूईएफआयची, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसची, सोय नसेल तर नवा बोर्ड त्यावर चित्रच दाखवत नाही. कार्ड ठणठणीत, बोर्डही ठणठणीत, पण त्यांची भाषा जुळत नाही.

९. रॅम कुठल्या खाचेत लावायची? आणि खोडरबरने घासू का?

चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी. एकच पट्टी असेल तर बहुतेक बोर्डांवर दुसरी. पट्टी दोन्ही टोकांना बसल्याचा आवाज यायला हवा; काही बोर्डांवर कडी एकाच बाजूला असते, तिथे दुसरं टोक अर्धवट राहिलेलं चटकन दिसत नाही. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा, मग तीच पट्टी दुसऱ्या खाचेत.

खोडरबर हा आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्यांचा रामबाण. जुन्या, काळवंडलेल्या रॅमला त्याने खरंच फरक पडतो. पण नव्या पट्टीवर घासायचं काही कारण नाही, सोन्याचा मुलामा पातळ असतो आणि रबराचा भुगा खाचेत जातो. पुसायचंच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड घ्या.

१०. नवीन डीडीआर५ (नव्या पिढीच्या रॅमचा) पीसी पहिल्यांदा लावला, पाच मिनिटं झाली, स्क्रीन काळाच. बंद करू का?

थांबा. विशेषतः एएम५ (एएमडीच्या नव्या सॉकेटच्या) बोर्डांवर पहिल्या वेळी रॅमची जुळवणी होते, तिला काही मिनिटं लागतात. रॅम जास्त असेल तर आणखी. या काळात डीरॅमचा दिवा लागलेला असतो आणि माणसाचा धीर सुटतो. मधेच बंद केलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका. बायोस रीसेट केल्यावर किंवा रॅम बदलल्यावरही हेच होतं.

११. बायोस रीसेट कसं करायचं? रॅमचा वेग वाढवला आणि तेव्हापासून पीसी बंद आहे.

वीज काढा. बोर्डावरचा गोल सेल काढून पाच-दहा मिनिटांनी परत लावा, किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या 'क्लिअर सीमॉस'च्या दोन पिनांना काही सेकंद स्क्रू ड्रायव्हर टेकवा. एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणारे बायोसमधले पर्याय) चालू केल्यावर बंद पडलेला पीसी बहुतेक वेळा याने उठतो. सेल सीआर२०३२ जातीचा, ३ व्होल्टचा असतो आणि घड्याळवाल्याकडेही मिळतो. पीसी दर वेळी तारीख विसरत असेल तर सेल संपलाय. रीसेटनंतर पहिली सुरुवात हळू होते, कारण प्रश्न १० मध्ये आहे.

१२. बोर्ड आणि प्रोसेसर एकमेकांना चालतात असं लिहिलंय, तरी सीपीयूचा दिवा लागून राहतो. का?

बोर्ड जुना आणि प्रोसेसर नंतरचा असेल. बी४५० बोर्ड २०१८ चे, रायझन ५००० प्रोसेसर २०२० च्या शेवटी आले. बोर्डातलं बायोस जुनं असेल तर त्याला हा पाहुणा ओळखताच येत नाही. इंटेलच्या ६०० मालिकेच्या बोर्डावर तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर लावताना किंवा बी६५० वर रायझन ९००० लावतानाही असंच होऊ शकतं.

मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसरशिवायही बायोस बदलता येतं. पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करा, कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमक्या त्याच मॉडेलची फाइल घ्या, पुस्तिकेत सांगितलेलं नाव तिला द्या आणि ठरलेल्या पोर्टात लावा. दिवा लुकलुकत असताना वीज जाता कामा नये. बटण नसेल तर बोर्ड विकणाऱ्या दुकानदाराकडेच न्या, त्याच्याकडे जुना प्रोसेसर असतो.

१३. पिन वाकली आहे. सरळ करता येते का?

एएम४ मध्ये, म्हणजे एएमडीच्या आधीच्या सॉकेटच्या प्रोसेसरांत, पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. मेकॅनिकल पेन्सिलीच्या रिकाम्या टोकाने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने त्या सावकाश सरळ होतात. मी केल्या आहेत. एएम५ आणि अलीकडच्या इंटेलमध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या. तिथे भिंग आणि स्थिर हात नसेल तर लांब राहा.

१४. बायोस दिसतं, पण "बूट डिव्हाइस सापडत नाही" असं येतं.

नवीन डिस्क रिकामी असेल तर हे बरोबरच आहे, विंडोज अजून टाकायचंय. डिस्क बायोसमध्येच दिसत नसेल तर एम.२ची पट्टी (बोर्डावर थेट बसणारी डिस्क) नीट बसली का बघा. काही बोर्डांवर एम.२ लावली की एक-दोन साटा (केबलने डिस्क जोडायचे) पोर्ट बंद होतात; कुठले ते पुस्तिकेत असतं, केबल दुसऱ्या पोर्टात लावा. जुन्या पीसीतली डिस्क आणली असेल आणि ती एमबीआर या जुन्या मांडणीची असेल तर फक्त यूईएफआय मानणारा नवा बोर्ड तिच्यावरून सुरू होणार नाही. आणि विंडोज टाकताना इंटेलच्या पीसीत डिस्कच यादीत येत नसेल तर बायोसमधला व्हीएमडी (डिस्क हाताळायची इंटेलची सोय) पर्याय बंद करून पाहा.

१५. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. हे पीसी बंद पडण्याचं कारण आहे का?

असू शकतं, पण आधी ते तुमच्या जिवाचं प्रकरण आहे. घराला अर्थिंग नाही किंवा तुटलंय. पेठांतल्या जुन्या वाड्यांत तीन भोकांचा सॉकेट दिसतो आणि तिसऱ्या भोकामागे काहीच जोडलेलं नसतं. तीन पिनची दोन पिन करणारा अडॅप्टर वापरत असाल तर आजच काढा. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या.

१६. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली होती, परत आली तेव्हापासून पीसी मेलाय.

भिंतीची केबल काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, पाच-दहा मिनिटं थांबा, पुन्हा लावा. एसएमपीएस संरक्षणात जाऊन अडकला असेल तर एवढ्याने सुटतो. नाही सुटला तर प्रश्न ४. लाइट जाणार हे माहीत असेल त्या दिवशी केबल आधीच काढून ठेवा. लाइट परत येतानाचा झटकाच जास्त मारतो.

यूपीएस असूनही लाइट जाताच पीसी बंद होत असेल तर दोन शक्यता. बॅटरी म्हातारी झालीय, किंवा यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची वीजलहर तुमच्या एसएमपीएसला मानवत नाही.

१७. दसऱ्यापर्यंत चांगला चालत होता. पूजेनंतर बंद आहे.

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि मला फार आवडतो. खंडेनवमीला शस्त्रांबरोबर पीसीलाही हळदकुंकू लागतं, आणि ते नेमकं पॉवरच्या बटणावर किंवा यूएसबीच्या तोंडात जातं. वर फुलावरचं पाणी. बटण अडकून दाबलेलंच राहिलं तर पीसी चालू होतो आणि चार-पाच सेकंदांनी बंद पडतो. वीज काढून कोरड्या मऊ ब्रशने साफ करा, बटणाची परीक्षा प्रश्न ३ मध्ये आहे. पुढच्या वर्षी कुंकू कॅबिनेटच्या बाजूच्या काचेला लावा. देव रागावत नाही.

१८. बटण दाबलं, किंवा नुसती केबल लावली, की घराचा एमसीबी पडतो.

पुन्हा पुन्हा वर करून बघू नका. सगळे भाग सोडवून नुसता एसएमपीएस लावल्यावरही पडत असेल तर तो बदला. पडत नसेल तर शॉर्ट पीसीत आहे, प्रश्न ६ आणि ७.

१९. भाग बदलून आणायचा तर काय काळजी घेऊ?

जीएसटीचं बिल आणि खोकं, दोन्ही जपा. खोक्यावरचा सिरियल नंबर भागावरच्याशी जुळायला हवा. मदरबोर्ड देण्याआधी सॉकेटच्या पिनांचा दुकानदारासमोर जवळून फोटो काढा आणि प्लास्टिकचं झाकण बसवून द्या. "पिना तुमच्याकडूनच वाकल्या" हे वाक्य मी स्वतः काउंटरवर ऐकलंय, आणि तेव्हा माझ्याकडे फोटो नव्हता. पैसे माझे गेले. आणि "पीसी चालत नाही" असं सांगू नका. "याच रॅमवर आणि याच एसएमपीएसवर मित्राचा बोर्ड चालतो, हा चालत नाही" असं सांगा.

२०. दुकानात लगेच चालू होतो, घरी आणला की बंद. तीन चकरा झाल्या. आता काय?

दुकानात तुमचा फक्त डबा असतो. मॉनिटर, त्याची केबल, पॉवर केबल, सॉकेट, अर्थिंग सगळं त्यांचं. घरी ते सगळं तुमचं. म्हणून दोष डब्यात शोधण्याआधी त्याच्या बाहेर शोधा, प्रश्न २ प्रमाणे भिंतीपासून.

प्रवासही विसरू नका. जड ग्राफिक्स कार्ड आणि मोठा कूलर असलेला पीसी स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवून आणला तर गतिरोधकांवर कार्ड खाचेतून सरकतं. आडवा ठेवून आणा किंवा कार्ड काढून खोक्यात घाला.

माझ्या मावसभावाचा असाच पीसी होता. चौथ्या खेपेला मी त्याला म्हटलं, घरची पॉवर केबल, एक्स्टेंशन, मॉनिटरची केबल सगळं पिशवीत भर आणि सोबत ने. दुकानात त्याच्या केबलवर पीसी बंद, त्यांच्या केबलवर चालू. ती त्याच्या जुन्या प्रिंटरची केबल होती, आत तार तुटलेली. वाकडी धरली की जोडली जायची, सरळ केली की सुटायची. नवी केबल किरकोळ पैशात मिळाली. जुनी फेकून दे म्हटलं तर मावशीने लाल चिकटपट्टी गुंडाळून ती माळ्यावर ठेवली आहे, लागली तर असावी म्हणून.